अडीनडीचे

रुवीतला तिसरा मजला. रात्रीचे साडेदहा.
इरा झोपलीय, पांघरूण लाथाडून.
उन्मेषने तिच्या गणिताच्या वहीचं मागचं पान फाडलंय
आणि मधोमध लिहिलंय: एकोणीसशे चाळीस रियाल.
खाली दोनदा रेघ,
आकडा पळून जाईल म्हणून.

पाच वर्षांत साठलेले.
त्यात माझ्या लॅबमधल्या रात्रपाळ्या आहेत,
त्याचा साइटवरचा ओव्हरटाइम,
न घेतलेली गाडी,
आणि एका मे महिन्यात न काढलेली तिकिटं.
आई तेव्हा फोनवर म्हणाली होती,
असू दे, फणस काही पोस्टाने येत नाही, एवढंच.

आता हे ठेवायचे कुठे?

इथल्या बँकेत, तो म्हणतो. हाताशी हवेत.
मी म्हणते, दवऱ्यांचं आठव.
बुधवारी कंपनीने पत्र दिलं,
रविवारी मशीनने कार्ड परत दिलं, पैसे दिले नाहीत.
गाडीचं कर्ज होतं. हिशेब मिटेपर्यंत
बँक खात्यावर हात ठेवून बसली.
त्यांचा फ्रिज अजून आपल्याकडे आहे.
दारावर त्यांच्या पोराने चिकटवलेला डायनासोर
निघता निघत नाही.

मग तिकडे, संगमेश्वरच्या खात्यात.
व्याज बरं.
पण त्या खात्यात पैसे आले
की भावजींच्या घराला काहीतरी होतं.
कधी कौलं, कधी बोअरवेल.
वाईट नाहीत ते. मागत तर कधीच नाहीत.
नुसतं सांगतात.

सोनं, मी म्हणते,
आणि माझा हात आपोआप मनगटावर जातो.
मोडशील? तो विचारतो.
मी कपबशा उचलून आत नेते.
जे मोडवत नाही
ते अडीनडीचं कसं?

आतूनच ओरडून सांगते: ते वादळ आठवतं?
वादीचं पाणी गल्लीत शिरलं, वीज गेली,
तीन दिवस एक मशीन चाललं नाही.
पाणी, खुबूस, मेणबत्त्या, सगळं दिलं
खालच्या दुकानातल्या कुंजुमोनने, वहीत लिहून.
बँकेत तेव्हाही पैसे होतेच आपले.
कामाला आली त्याची वही.

मग कुंजुमोनकडेच ठेवू, तो म्हणतो. हसतो.
मी हसत नाही.
आधी ठरव, म्हणते,
अडचण कुठल्या देशात येणार आहे.

तो पेन खाली ठेवतो.
आई पडली, तर तिकडे.
नोकरी गेली, तर इकडे, आणि लगेच तिकडे.
इराला काही
पुढचं तो बोलत नाही, मीही नाही.
एसी तेवढा खडखडत राहतो.

बाराला ठरतं.
चार महिन्यांचं भाडं इथे,
ज्या बँकेचं आपण काही देणं लागत नाही, तिथे.
मोठा वाटा तिकडे, माझ्या एकटीच्या नावावर,
रत्नागिरीच्या शाखेत. संगमेश्वरला कळायचं कारण नाही.
आणि तीन तिकिटांपुरते घरात. नोटा.

घरात म्हणजे?
कुकरच्या जुन्या खोक्यात, जास्तीच्या रिंगेखाली.
चोर पहिला तिथेच बघेल, तो म्हणतो.
तू कधी बघितलंस? मी विचारते.

त्याला झोप लागली. मला नाही.
अडीचला उठून नोटा खोक्यातून काढल्या.
कपाटाच्या तळाशी इराचा स्वेटर आहे,
इथे थंडी नसते असं दहादा सांगूनही
आईने विणून पाठवलेला, पोपटी,
एकदाही न घातलेला.
त्याला खिसा आहे. पोरीच्या मुठीएवढा.

खिशात आधीच काहीतरी होतं.
चौघडी केलेली पाचशेची नोट,
जुनी, आता कुठेच न चालणारी.
आई बोलली नव्हती.
दहा वर्षं मी तो खिसा उघडला नव्हता.

तिच्या शेजारी आमच्या ठेवल्या, मावेनात,
दाबून बसवल्या.
जागा बदललीय, हे सकाळी त्याला सांगायला हवं.